जुन्या वस्तूंची नवी नावे
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण नावांविषयी बोलणार आहोत. माणसांच्या नव्हे, वस्तूंच्या. वस्तू जुनीच असते, तिच्यात काडीचाही फरक पडलेला नसतो, तरी एके दिवशी तिचे नाव बदलते. कुणी बारसे केलेले नसते. शेजारी नवी वस्तू येऊन बसलेली असते, एवढेच.

गावात एकच गणपत असेल तर त्याला गणपत म्हणतात. दुसरा गणपत राहायला आला की पंचाईत होते. मग एक वेशीजवळचा गणपत होतो आणि एक मळ्यातला. पहिल्या गणपतने काही केलेले नसते, पण त्याच्या नावाला शेपूट लागतेच. वस्तूंचेही तसेच आहे. मात्र शेपूट कुणाला लागायचे, जुन्याला की नव्याला, यात एक गंमत आहे. सुरुवातीला ते नव्याला लागते. मग नवी वस्तू घरोघर झाली, रोजच्या हातातली झाली, की ती शेपूट टाकून देते आणि साधे नाव आपल्याकडे घेते. टाकलेले शेपूट जुनीच्या मागे येऊन चिकटते.

'गाडी' हाच शब्द घ्या. पूर्वी नुसते गाडी म्हटले की ती बैलांची. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे निघाली. १४ डबे, ३ इंजिने, ४०० च्या आसपास पाहुणे आणि २१ मैलांची वाट. बैल नाहीत, घोडे नाहीत, पुढे नुसता विस्तव आणि धूर. लोकांनी तिला 'आगगाडी' म्हटले. म्हणजे शेपूट नव्याला लागले. आज काय आहे? स्टेशनात कुणी विचारले, "गाडी आली का?" तर ती रेल्वे. एस.टी. स्टँडवर विचारले तर ती एस.टी. घरात मुलगा म्हणाला, "गाडी काढतो," तर ती मोटार नाहीतर फटफटी. ज्याची गाडी सगळ्यांत जुनी, त्याला मात्र 'बैलगाडी' असे पुरे नाव घ्यावे लागते. तेवढ्यानेही भागत नाही. साखर कारखान्याच्या वाटेवर रबरी टायरच्या बैलगाड्या धावू लागल्या, तेव्हा बापजाद्यांच्या गाडीला 'लाकडी चाकाची' हे आणखी एक शेपूट लागले.

इंजिनाचेही तेच झाले. सुरुवातीला इंजिन म्हणजे कोळसा खाणारे, वाफ सोडणारेच. दुसरे होतेच कुठे? ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवरची गाडी सुरू झाली. पुढे डिझेलची इंजिने आली. तेव्हा जुने इंजिन 'कोळशाचे इंजिन' झाले. मुंबईच्या ट्रामची गोष्टही अशीच. १८७४ साली ती सुरू झाली तेव्हा घोडेच ती ओढत. १९०७ साली विजेची ट्राम आली आणि मग लोकांना 'घोड्यांची ट्राम' असे सांगण्याची वेळ आली. १९६४ साली मुंबईतली ट्रामच बंद झाली, म्हणून हे भांडण मिटले.

आता 'वीज' या शब्दाचे पाहा. आपल्या पणजीला विचारले असते, "वीज म्हणजे काय?" तर तिने आभाळाकडे बोट केले असते. आज लहान मुलाला विचारा, तो भिंतीवरच्या बटणाकडे बोट करील. आभाळातल्या विजेचे नाव तारेतल्या विजेने घेतले. पण इथे आपल्या मराठीने एक शहाणपणा केला. दोघींचे काम निराळे ठेवले. आभाळातली वीज चमकते, कडाडते, पडते. तारेतली वीज येते, जाते आणि तिचे बिल येते. "काल वीज पडली" म्हटले की सगळे समजतात. "काल वीज गेली" म्हटले की तेही समजतात. जिथे क्रियापदाने काम भागत नाही, तिथेच आपण 'आभाळातली वीज' असे म्हणतो. मास्तरकीची सवय, म्हणून व्याकरण मध्ये आले, चालवून घ्या.

सिनेमाचे उदाहरण आम्हाला फार आवडते, कारण ते आपल्या महाराष्ट्रातच घडले. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांसाठी लागला. पडद्यावर माणसे चालत होती, रडत होती, पण आवाज नव्हता. मजकूर पाट्यांवर लिहून दाखवीत. ज्याला वाचता येईल तो मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. त्या वेळी त्याला कुणी 'मूकपट' म्हणायचे कारणच नव्हते. चित्र हलते हेच केवढे नवल! पुढे १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा हिंदी बोलपट आला आणि १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. गोष्ट पुन्हा त्याच हरिश्चंद्राची, तोच राजा, तेच स्मशान. पण या वेळी राजा बोलला, गायला. राजा बोलला त्या दिवशी आधीचा राजा मुका ठरला. पुढची मजा अशी, की आज 'बोलपट' हा शब्दही कुणी वापरीत नाही. सिनेमा म्हटला की तो बोलणारच. नव्याने शेपूट टाकले, साधे नाव घेतले, आणि 'मूकपट' हे शेपटासकटचे नाव जुन्याकडे कायमचे राहिले.

सगळ्याच जुन्या वस्तूंवर ही पाळी येते असे नाही. जात्याचे नाव बदलले नाही. कारण पिठाची गिरणी आली ती आपले स्वतःचे नाव घेऊन आली. मिक्सर आला, तरी पाटा पाटाच राहिला आणि वरवंटा वरवंटाच. पण जात्यातून जे निघते ते पीठ आणि गिरणीतून निघते तेही पीठ. म्हणून 'जात्यावरचे पीठ', 'पाट्यावरची चटणी' असे म्हणावे लागते. भांडण वस्तूत नसते, भांडण एका नावावर दोघे बसले की होते.

इथवर जे सांगितले त्यात कुणाचे फारसे बिघडले नाही. आता पैशाकडे येऊ.

पूर्वी रुपयाचे १६ आणे होत. आण्याचे ४ पैसे. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. १ एप्रिल १९५७ रोजी सरकारने ही रीत बदलली आणि रुपयाचे १०० भाग केले. प्रत्येक भागाचे नाव काय ठेवायचे? 'पैसा' हा शब्द लोकांच्या तोंडातला. पण पैसा तर आधीच होता आणि तो या नव्याहून मोठा होता. म्हणून नव्याला म्हटले 'नवा पैसा'. नाण्यावर हिंदीत 'नया पैसा' असे छापले आणि तो रुपयाचा शंभरावा भाग आहे हेही छापले. काही वर्षे जुनी आणि नवी नाणी बाजारात एकत्र फिरत होती. भोकाचा पैसा, आणा, चवली, पावली, अधेली, आणि त्यांच्यात हे नवे चिमुकले नाणे.

ज्याला वाचता येई त्याला ते नाणे समजे. ज्याला येत नसे त्याने काय करावे? समजा, एखाद्या मजुराची बायको रोज जुन्या एका पैशाचे मीठ नेई. जुन्या पैशाचे नव्यात किती झाले? हिशोब करा. १०० ला ६४ ने भागा. दीडाहून थोडे जास्त येते. अर्ध्या पैशाचे नवे नाणे नव्हते. जवळचे पुरे नाणे म्हणजे २ नवे पैसे. चार दिवस मीठ नेले तर ८ नवे पैसे गेले. पण चार जुने पैसे म्हणजे एक आणा, आणि आण्याचे खरे पाहता सव्वासहा नवे पैसे. एकदम आण्याचे मीठ नेणाऱ्याचे ६ पैशांत भागे. तेच मीठ चिमूट चिमूट नेणारीचे ८ जात. फरक दोन पैशांचा, म्हणाल तर काहीच नाही. पण जो थोडे थोडे घेतो तो गरीब असतो, हेही लक्षात घ्या. सरकारी कोष्टक दुकानात लावलेले असले तरी ते वाचणाऱ्यासाठीच होते.

पुढे लोक नव्या पैशाला सरावले. १ जून १९६४ पासून नाण्यावरचा 'नया' हा शब्द सरकारने काढून टाकला. नवा पैसा नुसता पैसा झाला, आणि ज्याचे ते नाव मूळचे होते तो 'जुना पैसा' झाला. इतर ठिकाणी हे आपोआप घडते, कुणी तारीख सांगू शकत नाही. इथे मात्र शेपूट कोणत्या दिवशी लागले आणि कोणत्या दिवशी पडले, ते आपल्याला सांगता येते. आण्याचे नाव मात्र लोकांनी सोडले नाही. पंचवीस पैशांना पुष्कळ जण 'चार आणे'च म्हणत राहिले. ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. तरी एखादी गोष्ट अगदी खरी असली की आपण ती अजून सोळा आणे खरी म्हणतो, शंभर पैसे खरी म्हणत नाही.

आता मागाची गोष्ट. आपल्याकडे कोष्टी, साळी, पद्मसाळी, मोमीन ही विणकर मंडळी. त्यांच्या घरात खड्डा असे, खड्ड्यात पाय सोडून बसत आणि माग चालवीत. त्याला 'माग' म्हणत. हाताने चालतो हे सांगायची गरजच काय? पायाने पावडी दाबायची आणि हाताने धोटा फेकायचा, हेच विणणे. मग यंत्राने चालणारे माग आले. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला. नंतर इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव या गावांत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस सुरू झाला. त्या गावांत आज कुणी नुसते "आमचे माग आहेत" म्हणाले तर ते यंत्रमागच समजायचे. जुना माग 'हातमाग' झाला.

हे नाव नुसते ओळखीपुरते राहिले नाही, ते कायद्यात गेले. १९८५ साली देशात एक कायदा झाला. काही ठरावीक प्रकारचे कापड हातमागावरच विणावे, यंत्रमागाने ते विणू नये, असे त्या कायद्याने ठरवले. सुरुवातीला अशा २२ प्रकारांची यादी होती, पुढे ती ११ वर आली. म्हणजे जे शेपूट मागाला कमीपणाने लागले होते, त्याच शेपटाने विणकराला आसरा दिला. 'हातमाग' या चार अक्षरांवर एखाद्या घरची चूल पेटते.

आणि जिथे नावावर चूल पेटते तिथे नाव चोरणाराही येतो. येवल्याची आणि पैठणची पैठणी तुम्ही ऐकून आहात. हातमागावरची एक पैठणी विणायला आठवडेच्या आठवडे जातात, भारी नक्षी असेल तर महिने जातात. यंत्रावर तसल्या दिसणाऱ्या साड्या भराभर निघतात. दुकानात त्यांना 'सेमी पैठणी' म्हणतात. प्रामाणिक दुकानदार तसे सांगून विकतो, त्याच्याविषयी तक्रार नाही; ज्याची ऐपत तेवढी आहे त्याने ती आनंदाने नेसावी. पण कुणी ती हातमागाची म्हणून गळ्यात मारू लागला तर? पदर उलटा करून पाहावा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदराची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या साडीला मागे बहुधा सुटे धागे लोंबतात, नाहीतर ते कापलेले दिसतात. हे आम्हाला विणकरांनीच दाखवले.

आता स्वयंपाकघरात चला. मावशी, तुम्ही सांगा, तुपाला 'साजूक' का म्हणतात? "चांगलं असतं म्हणून," असे तुम्ही म्हणाल. पण साजूक याचा मूळ अर्थ ताजे. लोणी साजूक, तूप साजूक, म्हणजे नुकते काढलेले, नुकते कढवलेले. शिळ्या तुपाच्या उलट ते साजूक तूप. मग वनस्पती तूप आले. तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते थिजवायचे, म्हणजे तुपासारखे दिसते. १९३७ पासून 'डालडा' या नावाने ते घरोघर गेले, इतके की सगळ्याच वनस्पती तुपाला लोक डालडा म्हणू लागले. ते स्वस्त होते, टिकत होते, लग्नकार्यात त्याच्या डब्यांच्या राशी लागत. आता तूप दोन प्रकारचे झाले. मग दुधातुपाच्या तुपाला वेगळे नाव पाहिजे. लोकांनी जुनाच शब्द उचलला आणि 'साजूक'चा अर्थच फिरवला. आता साजूक तूप सहा महिन्यांचे शिळे असले तरी ते साजूकच!

तूप साजूक म्हणून विकायचे आणि आत वनस्पती घालायचे, हा धंदाही लगेच सुरू झाला. डोळ्यांना फरक कळत नाही. तेव्हा सरकारने एक युक्ती केली. वनस्पती तुपात शेकडा ५ तरी तिळाचे तेल मिसळलेच पाहिजे, असा नियम घातला. तिळाच्या तेलाचा एक गुण आहे. प्रयोगशाळेत त्यात आम्ल आणि थोडी साखर घालून हलवले की तांबूस रंग येतो. शुद्ध तुपाला तो रंग येत नाही. म्हणजे नाव लपवले तरी तीळ चुगली करतो. आम्हाला ही युक्ती फार हुशारीची वाटते. मात्र हा प्रयोग घरी करू नका. घरी करायची गोष्ट एवढीच, की डब्यावर काय लिहिले आहे ते वाचायचे. मोठ्या अक्षरात गाईचे चित्र असते आणि बारीक अक्षरात 'वनस्पती' असते. चित्राला फसू नका, बारीक अक्षर वाचा. ते वाचता यावे म्हणून तर आपण संध्याकाळी इथे जमतो.

अंड्यांचेही तसेच. परसात कोंबड्या होत्या तोवर अंडे म्हणजे अंडे. पोल्ट्री फार्म झाले, बाजार पांढऱ्या अंड्यांनी भरला. आता साध्या 'अंडे' या शब्दाचे मालक फार्मवाले. तुमच्या परसातले अंडे 'गावठी' नाहीतर 'गावरान' झाले. या दोन शब्दांकडे जरा निरखून पाहा. दोन्हींचा अर्थ 'गावचे'. पण 'गावठी माणूस', 'गावठी दारू' यांत हिणवणे आहे, आणि 'गावरान अंडी', 'गावरान तूप' यांत कौतुक आहे. शहरातला गिऱ्हाईक 'गावरान' म्हटले की जास्त पैसे देतो. म्हणून अंडी विकणाऱ्या बायकांना आम्ही सांगतो, टोपलीला पाटी लावायची तर 'गावरान' लिहा. आणि विकत घेणाऱ्यांना सांगतो, कवच तांबूस दिसले म्हणून लगेच भुलू नका. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, ती अंगणात चरली की पिंजऱ्यात वाढली यावर नसतो.

ज्वारीची कथा थोडक्यात सांगतो. १९६४ साली सी.एस.एच. १ नावाची संकरित ज्वारी आली. कणीस भरघोस, पीक जास्त. ज्यांच्या घरी दाणे पुरत नव्हते त्यांना ती पुरू लागली, हे उपकार विसरून चालणार नाही. पण ऐन काढणीला पाऊस लागला की तिचे दाणे काळे पडत आणि भाकरीला जुनी चव नसे. म्हणून लोकांनी 'हायब्रीड' हा शब्द नावे ठेवायला घेतला. पोर सारखे आजारी पडले की म्हातारी म्हणणार, "ही हायब्रीड पिढी!" आणि मालदांडीसारख्या ज्वारीला 'गावरान' म्हणून मान मिळाला. इथे शेपूट जुन्याला लागले खरे, पण ते तुऱ्यासारखे लागले.

घड्याळाचे आणि फोनचे तुम्हाला माहीत आहे. रोज किल्ली द्यायचे ते घड्याळ. सेलचे आले आणि ते 'किल्लीचे घड्याळ' झाले. आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी मोबाईलवरचे पहिले बोलणे झाले, आणि घरातला फोन बसल्या जागी 'साधा फोन' झाला. नंतर काचेच्या पडद्याचे मोबाईल आले, तेव्हा बटणांचा मोबाईल 'साधा' झाला. 'साधा' हा शब्द असा घरोघर फिरतो. आज ज्याचा दिमाख आहे तोही उद्या साधा होणार.

शेवटी एक शब्द असा, जो वस्तूला नव्हे, माणसाला लागला. लिहिणे नव्हते तेव्हा कुणी निरक्षर नव्हते. शेतकरी शेतकरी होता, सुतार सुतार होता. शाळा झाल्या, छापखाने झाले, कागदावर सही मागू लागले, आणि ज्यांच्यात काहीच बदल झाला नव्हता अशा माणसांना 'निरक्षर', 'अंगठेबहाद्दर' ही नावे मिळाली. कागदावर 'निशाणी डावा अंगठा' असे लिहू लागले. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, ती हे नाव पुसण्यासाठीच. हिशोबाचेही पाहा. बाजारात बसणारी भाजीवाली पावकी, निमकी, दिडकी तोंडाने म्हणून झटक्यात हिशोब सांगते. पूर्वी त्याला 'हिशोब' म्हणत. वहीतला हिशोब आला आणि तिचा 'तोंडी हिशोब' झाला. तो कमी प्रतीचा नाही. आम्ही वर्गात कित्येक वर्षे तोंडी गणिते घेतली आहेत; वहीतल्या गणितात चुकणारी मुले तोंडी गणितात पहिली येत. तुमच्यापैकी पुष्कळांना तो हिशोब आमच्याहून चांगला येतो. तो टाकू नका. त्याच्या शेजारी लिहिणे आणून बसवा.

उद्या वर्गाला येताना घरातला एक डबा, पिशवी किंवा पाकीट घेऊन या. तेल, तूप, चहा, बियाणे, काहीही चालेल. त्याच्यावरचे नाव आपण पाटीवर उतरवू. मूळ नाव कोणते आणि मागून जोडलेला शब्द कोणता, त्याखाली तुम्ही रेघ मारायची. मावशींनी तुपाचा डबा आणावा.